ॲपमधले 'मेंदूचे वय' १५ वर्षांनी घटले, म्हणजे नेमके काय झाले?

(चर्चामंचावरचा प्रश्न आणि त्याला आलेली उत्तरे. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उंबरठा (प्रश्न)

मेंदूला व्यायाम देणाऱ्या ॲपबद्दल विचारायचे आहे. वापरणारी व्यक्ती ६४ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत. रोज २० मिनिटे, सलग तीन महिने, एकही खाडा नाही. खेळ चार प्रकारचे: चित्रांच्या जोड्या लक्षात ठेवणे, ओझरते दिसलेले चिन्ह ओळखणे, आकड्यांची मालिका पुढे नेणे, आणि 'लाल' हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला असताना रंग सांगणे. ॲपच्या म्हणण्यानुसार 'मेंदूचे वय' ६६ वरून ५१ वर आले. पण ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे, दुसऱ्या खोलीत कशाला आलो ते विसरणे, यात तसूभरही फरक नाही.

तर प्रश्न असे. वाढलेले गुण खरे मानायचे की तो नुसता सराव? यातला कोणता व्यायाम खरोखर उपयोगाचा, आणि तो किती वेळ करायचा? स्मृतिभ्रंश लांबतो का? आणि फरक पडला की नाही हे घरच्या घरी कसे मोजायचे? शब्दकोडी चालू ठेवावीत का, हेही सांगा. 'मन प्रसन्न ठेवा' छापाची उत्तरे नकोत, ती बरीच मिळाली आहेत.

खडूफळा

गुण खरेच वाढले आहेत, फक्त ते त्या चार खेळांचे आहेत. अध्यापनशास्त्रात याला अध्ययनाचे संक्रमण म्हणतात: एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडणे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये लोकांकडून आयतांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव करून घेतला. आयतात हात बसला, पण आकार बदलला की अंदाज पुन्हा ढासळत. त्यांचा निष्कर्ष असा की दोन कामांत जेवढे घटक सामाईक, तेवढेच संक्रमण. सव्वाशे वर्षे झाली तरी हा नियम फारसा हललेला नाही.

सगळ्यात बोलके उदाहरण १९८० चे, कार्नेगी मेलन विद्यापीठातले. साधारण बुद्धीच्या एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकवायचे आणि त्याने ते क्रमाने म्हणून दाखवायचे. सुरुवातीला ७ आकडे जमत. वीस महिन्यांत सुमारे २३० तास सराव झाल्यावर तो ७९ पर्यंत पोचला. स्मरणशक्ती अकरा पटीने वाढली? नाही. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३४९२ ऐकले की तो '३ मिनिटे ४९.२ सेकंद, मैलाच्या विश्वविक्रमाच्या जवळची वेळ' असे गाठोडे बांधायचा. जे आकडे वेळ म्हणून बसत नसत, त्यांना तो माणसाचे वय बनवायचा: ८९३ म्हणजे ८९.३ वर्षांचा म्हातारा. मग आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तर गाडी पुन्हा ६ वर. गाठोडी आकड्यांची होती, अक्षरांना लागू पडेनात.

तुमच्या चित्रांच्या जोड्यांत हेच चालले आहे. तीन महिन्यांत त्याच चित्रसंचाची ओळख झाली, कोपरे आधी उघडायचे की मधले, ही युक्ती सापडली, बोट कुठे ठेवायचे ते कळले. माणसाच्या नावाशी यातला एकही घटक सामाईक नाही.

मोठ्या प्रमाणावरही हे तपासले गेले आहे. २०१० मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीने ११,४३० जणांना सहा आठवडे ऑनलाइन खेळ दिले. ज्या खेळांचा सराव केला ते सुधारले, त्यांच्याशी जवळचे नाते असलेल्या चाचण्यांतही लाभ दिसला नाही.

'कार्यस्मृती (हातातल्या कामापुरते डोक्यात धरून ठेवणे) वाढवा, बुद्धी आपोआप वाढेल' या दाव्याचेही तेच. त्याचा प्रसिद्ध व्यायाम म्हणजे दुहेरी एन-बॅक. दर तीन सेकंदांनी चौकटीतला एक चौकोन उजळतो आणि त्याच वेळी एक अक्षर ऐकू येते. दोन पाळ्यांपूर्वी हाच चौकोन होता का, हेच अक्षर होते का, अशी दोन वेगळी उत्तरे द्यायची. चुका तीनपेक्षा कमी झाल्या की दोनाऐवजी तीन पाळ्यांपूर्वीचे आठवायचे, पाचपेक्षा जास्त झाल्या की एक पाळी कमी. २००८ मध्ये येगी आणि सहकाऱ्यांना यातून तर्कबुद्धी वाढल्याचे दिसले आणि मोठा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये रेडिक यांनी २० सत्रे घेतली आणि तुलनेसाठी दुसऱ्या एका गटाला तितकाच मेहनतीचा पण वेगळा खेळ दिला. दोन्ही गट आपापल्या खेळात पुढे गेले, बुद्धिमापनात कोणीच नाही.

मोजपट्टी

खेळांच्या गुणांवरून काढलेले 'मेंदूचे वय' हे वैद्यकातले मान्य माप नाही. ॲप आपल्याच वापरकर्त्यांचे वयोगटानुसार सरासरी गुण काढते आणि तुमचे गुण ज्या वयाच्या सरासरीला जुळतील ते वय दाखवते. पहिल्या दिवशी तुम्ही नवखे होता, पडदा ओळखीचा नव्हता, म्हणून ६६. त्या आकड्यापासून मोजले तर कोणाचेही वय घटेल.

शिवाय अपेक्षेचा परिणाम. २०१६ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बोलावण्यासाठी दोन जाहिराती लावल्या. एकीत 'मेंदूचा व्यायाम, बुद्धी वाढवा' असा सूर, दुसरीत नुसते 'संशोधनात भाग घ्या'. दोन्ही गटांना तोच एक तासाचा व्यायाम. पहिल्या गटाचा बुद्ध्यंक दुसऱ्या दिवशी ५ ते १० गुणांनी वाढलेला दिसला, दुसऱ्याचा जागच्या जागी. एका तासात कोणाची बुद्धी वाढत नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीवर, पुराव्याशिवाय स्मृती टिकवण्याचे दावे केल्याबद्दल कारवाई केली. कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

आता घरी मोजण्याविषयी. ज्याचा सराव केला त्यावर मोजायचे नाही, हा पहिला नियम.

घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी १२-१२ साध्या नामांच्या आठ याद्या करायला सांगा. यादीत एकमेकांशी नाते असलेले शब्द नकोत (खुर्ची-टेबल एकाच यादीत आले की वाट लागली). दोन सेकंदांना एक शब्द या गतीने एकदाच वाचायची, मग २० मिनिटे दुसरे काही काम, मग आठवतील ते शब्द लिहायचे. प्रत्येक यादी एकदाच वापरायची. पहिल्या दोन याद्यांचे गुण फेकून द्या, त्यात फक्त पद्धतीची सवय होते. पुढच्या तीन याद्या एका आठवड्यात, एकाच वेळेला, पुरेशी झोप झालेल्या दिवशी. समजा ५, ७, ६ आले. मधला आकडा ६, आणि तुमचा नैसर्गिक चढउतार ५ ते ७. बारा आठवड्यांनी उरलेल्या तीन. मधला आकडा ७ आला तर आनंद मानू नका, तो जुन्याच पट्ट्यात आहे. ९ आला तर बोलू.

दुसरे माप वेळेचे: औषधाच्या पाकिटातले माहितीपत्रक उघडून 'दिवसातून जास्तीत जास्त किती गोळ्या' हे शोधायला किती सेकंद लागतात. दर वेळी वेगळे पत्रक. मोठ्या संशोधनांतही रोजच्या कामांची गती अशीच मोजतात: डब्यावरचे घटक वाचणे, सुटे पैसे मोजणे.

तिसरे, विसरण्याची वही. तारीख, काय विसरले, त्या वेळी दुसरे काय चालले होते. हा तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि उत्तर बहुधा तिथेच असते.

तिसरी_बाजू

वरची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण 'सगळे खेळ सारखेच निरुपयोगी' असा अर्थ निघत असेल तर थांबा. यातला एक प्रकार वेगळा आहे: आकलनाच्या वेगाचा. तुमच्या ॲपमधले ओझरते चिन्ह ओळखणे हा त्याचाच गरीब चुलतभाऊ.

अमेरिकेत ॲक्टिव्ह नावाची चाचणी झाली. ६५ ते ९४ वयाचे २,८३२ लोक, सरासरी वय ७४ च्या आसपास. चिठ्ठ्या टाकून चार गट: स्मृतीच्या युक्त्या, तर्क म्हणजे अक्षर-आकड्यांच्या मालिकांतला नियम शोधणे, वेग, आणि काहीच न करणारा गट. प्रशिक्षण किती, तर ६० ते ७५ मिनिटांची १० सत्रे, पाच-सहा आठवड्यांत. काही जणांना ११ आणि ३५ महिन्यांनी उजळणीची आणखी सत्रे. वेगाच्या गटातल्या ८७ टक्के लोकांची त्याच कौशल्यात खात्रीलायक सुधारणा झाली, तर्कात ७४ टक्के, स्मृतीत फक्त २६ टक्के. दहा वर्षांनी वेग आणि तर्काचा फायदा टिकून होता, स्मृतीचा विरला होता. वेग आणि तर्काच्या गटांत स्वतःच्या चुकीने होणारे वाहन अपघात पुढच्या सहा वर्षांत सुमारे निम्मे होते. हे संक्रमण लांबचेच म्हणायचे.

२०१७ च्या विश्लेषणात वेगाच्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी दिसला. वीस वर्षांच्या नोंदी, म्हणजे ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्याच्या कागदपत्रांतले निदान, तपासल्यावर उजळणीसह वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्यांत तो सुमारे २५ टक्के कमी. उजळणी न घेतलेल्यांत फायदा नाही.

हा व्यायाम कसा असतो ते नीट बघा, कारण नावाखाली काहीही खपवले जाते. पडद्याच्या मध्यावर क्षणभर मोटार किंवा ट्रक दिसतो. त्याच क्षणी कडेला, आठपैकी एका दिशेला, दुसरे चिन्ह येते. लगेच पडदा करड्या ठिपक्यांनी पुसला जातो. हे पुसणे महत्त्वाचे, नाहीतर डोळ्यात प्रतिमा रेंगाळते आणि तुम्ही तीच वाचता. मग दोन प्रश्न: मध्ये काय होते, कडेला कुठे होते. चारपैकी तीन बरोबर येऊ लागले की दाखवण्याची वेळ कमी होते. पुढे कडेच्या चिन्हाभोवती फसवी चिन्हे येतात. अवघडपणा आपोआप वाढत-घटत नसेल तर तो हा व्यायाम नव्हे.

बिघडते कुठे?

नजर कडेला पळते. मध्यावरच खिळवून ठेवायची. कडेचे चिन्ह नजरेच्या कोपऱ्याने टिपायचे, तोच तर व्यायाम आहे.

फोनचा पडदा फार छोटा. हातभर अंतरावर धरला तर 'कडा' अशी उरतच नाही, सगळे मध्यातच मावते. मोठा पडदा घ्या, डोळ्यांपासून ५०-६० सेंटिमीटरवर. बहुकेंद्री चष्मा असेल तर या अंतराचा भाग भिंगाच्या मधल्या पट्टीत येतो, त्यामुळे मान वर करून बघावे लागते आणि कडा धूसर होतात. संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा असल्यास तो लावा.

आणि एक गंमत. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दाखवताच येत नाही. अशा पडद्यावर ॲप 'तुमची गती १० मिलिसेकंद' म्हणत असेल तर तो आकडा हवेतून आला आहे.

किती करावे? २०१४ मध्ये लॅम्पिट आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या निरोगी लोकांवरच्या ५१ अहवालांचा, एकूण ४,८८५ लोकांचा, एकत्रित हिशेब मांडला. एकंदर परिणाम छोटा. आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा केले तर फायदा दिसेना, ३० मिनिटांपेक्षा छोट्या सत्रांतही दिसेना, आणि घरी एकट्याने केले तर तोही नाही. देखरेखीखाली, गटात केले तेव्हा दिसला. तुमचे 'रोज २० मिनिटे, घरी, एकट्याने' हे तिन्ही बाबतींत उलट्या बाजूला पडते.

खडूफळा

ॲक्टिव्हबद्दल दोन गोष्टी राहिल्या. तिथला तुलनेचा गट काहीच करत नव्हता. इतर तीन गट दहा वेळा घराबाहेर पडले, प्रशिक्षकाला भेटले, लोकांत बसले. अपेक्षेचा परिणाम वजा करायला तितकीच भेटीगाठी असलेला पण खोटा व्यायाम देणारा गट हवा होता. तरी एक मान्य करावे लागेल: स्मृतीच्या गटालाही भेटीगाठी होत्याच, आणि त्यांचा धोका काही ठळक कमी झाला नाही. म्हणजे सगळे श्रेय गप्पांना देता येत नाही.

दुसरे, २०१७ चा तो २९ टक्के. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, ५० टक्के घटीपासून जवळजवळ शून्य घटीपर्यंत पसरलेली होती. वरच्या टोकाला धोक्याचे गुणोत्तर ०.९९८, आणि १ म्हणजे काहीच फरक नाही. दोन-चार लोक इकडचे तिकडे झाले असते तर निकाल बदलला असता. 'जितकी सत्रे जास्त तितका धोका कमी, दर सत्रामागे १० टक्के' असेही त्यात आहे, पण सत्रे कोणी पूर्ण केली? जे तब्येतीने आणि चिकाटीने धड होते त्यांनी. ते चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते.

ॲप ठेवायचेच असेल तर वेगाचाच व्यायाम ठेवा, इथपर्यंत मी 'तिसरी_बाजू'बरोबर आहे.

उंबरठा

कळले. वेगाचा व्यायाम मोठ्या पडद्यावर, आठवड्यातून तीनदा. पण मूळ तक्रार नावे आणि 'इथे कशाला आलो' ही होती. त्यावर खेळ नाही म्हणता, मग काय?

खडूफळा

त्यावर नेमका त्याचाच सराव. नाव विसरते असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते डोक्यात शिरलेलेच नसते. ओळख होताना आपण चेहरा बघत असतो, पुढचे वाक्य जुळवत असतो, आणि नाव कानावरून निघून जाते.

नाव ऐकले की लगेच ते वापरून एक वाक्य बोला. 'मंदार, तुम्ही कुठे असता?' नीट ऐकू आले नसेल तर तिथल्या तिथे पुन्हा विचारा, दहा मिनिटांनी विचारण्यापेक्षा ते कमी लाजिरवाणे. मग नावाला चित्र द्या. मंदार म्हणजे रुईचे झाड, त्याची जांभळट पांढरी फुले. चेहऱ्यावरची टिकाऊ खूण निवडा: जाड भुवया चालतील, चष्मा किंवा शर्ट नको, तो उद्या बदलेल. भुवयांवर रुईची फुले उगवली आहेत अशी कल्पना करा. जितके वेडगळ तितके बरे. इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच सोडतात, म्हणून फसते.

खरे काम पुढचे. नाव न बघता, न विचारता स्वतः आठवून काढायचे: २० सेकंदांनी, १ मिनिटाने, ४ मिनिटांनी, निरोप घेताना मोठ्याने, रात्री झोपण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. मध्ये अडलात तर कुढत बसू नका. बरोबर नाव लगेच बघा, आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परत या. चुकीचे नाव घोळवत राहिलात तर तेच घट्ट होते. याला अंतर वाढवत केलेले पुनःस्मरण म्हणतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांनाही नातवंडांची नावे किंवा एखादी नवी सवय याच पद्धतीने शिकवता येते.

पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढणे का सरस, हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी दाखवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून काढणारे बरेच पुढे. वाचताना 'येतेय, येतेय' असे वाटत राहते, तीच फसगत.

खोलीत जाऊन विसरण्याचे औषध आणखी साधे: उठण्यापूर्वी 'कपाट उघडले की कात्री घेईन' असे पूर्ण वाक्य मोठ्याने बोलायचे. अमुक दिसले की तमुक करेन, या साच्यात. नुसते 'कात्री आणायचीय' यात आठवण करून देणारी खूण नसते. कपाट ही खूण आहे, ती समोर येणारच.

शिवाय ज्यांना वेळ आहे त्यांनी एक नवे, खरोखर अवघड कौशल्य शिकायला घ्यावे. २०१४ च्या एका प्रयोगात ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडी शिवणे शिकवले. प्रसंग लक्षात ठेवण्यात ते, नुसत्या सहली-गप्पा करणाऱ्या गटापेक्षा पुढे गेले. १५ तास हा आकडा लक्षात घ्या. रविवारी तासभर गिटार वाजवणे त्यात बसत नाही.

नाडी

इतका वेळ सगळे पडद्याबद्दल बोलत आहेत आणि प्रश्नातल्या 'रक्तदाबाची गोळी' या दोन शब्दांकडे कोणी वळले नाही. मेंदूच्या प्रकृतीच्या दृष्टीने त्या प्रश्नातली सर्वात महत्त्वाची माहिती तीच आहे.

२०१९ मध्ये स्प्रिंट माइंड या चाचणीचे निकाल आले. वरचा रक्तदाब १४० खाली ठेवण्याऐवजी १२० खाली आणायचे लक्ष्य ठेवले, तर सौम्य बौद्धिक घट (स्मृती वयाच्या मानाने कमी, पण रोजची कामे जमतात अशी अवस्था) होण्याचे प्रमाण १९ टक्के कमी झाले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र सांख्यिकीने पक्की ठरली नाही. आपले लक्ष्य डॉक्टरांनी ठरवायचे, कारण फार खाली गेला तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती. पण 'गोळी चालू आहे' आणि 'दाब आटोक्यात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. मनगटाच्या नव्हे, दंडाच्या यंत्रावर, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीत ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोनदोन वेळा, आठवडाभर मोजा आणि आकडे लिहून न्या.

कान. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आहेत, सगळे मिळून जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशामागे. त्यात ऐकू कमी येणे आणि वाढलेले एलडीएल ('वाईट') कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वाधिक, ७-७ टक्के. 'नावे लक्षात राहत नाहीत' या तक्रारीत कानाची तपासणी आधी करावी, अर्धवट ऐकलेले नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही. श्रवणयंत्राने सगळ्यांचाच मेंदू वाचतो असे नाही: २०२३ च्या अचीव्ह चाचणीत एकूण ९७७ लोकांत फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका आधीपासून जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घट ४८ टक्क्यांनी कमी झाली.

औषधे. डायफेनहायड्रामीन (झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांत असते), ऑक्सिब्युटिनिन (वारंवार लघवीसाठी), ॲमिट्रिप्टिलीन (नैराश्य, मज्जातंतूंच्या वेदना यांसाठी) ही मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि विसराळूपणा वाढवतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बरीच वर्षे चालू असेल तर ब १२ जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड, नैराश्य, आणि घोरता घोरता श्वास अडकणे हीही कारणे उपचार होणारी आहेत. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, पिशवी भरून सगळी औषधे डॉक्टरांपुढे ठेवा.

चालणे. २०११ च्या प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी अर्ध्यांनी आठवड्यात तीनदा ४० मिनिटे झपझप चालण्याचा कार्यक्रम वर्षभर केला. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बांधणारा भाग, त्यांच्यात २ टक्के वाढला, अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १.४ टक्के आक्रसला. स्मृतीच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. फिनलंडच्या फिंगर चाचणीत (२०१५, १,२६० लोक, दोन वर्षे) आहार, व्यायाम, संगणकावरचे बौद्धिक व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असे सगळे एकत्र दिले, तेव्हा एकूण बौद्धिक गुणांत लाभ दिसला. खेळ तिथे होता, पण चारातला एक.

घाबरायचे कधी? नाव नंतर आठवले तर ते वयाचे. तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, बिले भरण्यात नवा गोंधळ, आणि विसरणे स्वतःपेक्षा घरच्यांच्या जास्त लक्षात येणे, यांपैकी काही असेल तर ॲप बाजूला ठेवून तपासणी. घट काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाली असेल तर थांबूच नका.

आडवे_उभे

शब्दकोड्यांचे राहिले म्हणून. आवडत असतील तर सोडवा. २०२२ मध्ये सौम्य बौद्धिक घट असलेल्या १०७ लोकांवर ७८ आठवडे तुलना झाली: एका गटाला संगणकावरचे खेळ, दुसऱ्याला संगणकावरच शब्दकोडी. शब्दकोडीवाले पुढे राहिले, आणि संशोधकांची अपेक्षा उलटी होती. पण काहीच न करणारा तिसरा गट नव्हता, म्हणून 'कोड्यांनी घट थांबते' असे त्यातून निघत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका दीर्घ पाहणीत, पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी कोडी सोडवणाऱ्यांची स्मृती सुमारे अडीच वर्षे उशिरा ढासळू लागली, आणि एकदा लागल्यावर अधिक वेगाने ढासळली. याचा एक अर्थ असा लावतात: बौद्धिक गंगाजळी मोठी असली की झीज लपून राहते, आणि गंगाजळी संपली की एकदम दिसते. सुडोकूत मात्र एकदा पद्धती पाठ झाल्या की हात आपोआप चालतो. मधल्या पातळीवर रोज तीन सोडवण्यापेक्षा अडकवणारे एक बरे.

उंबरठा

सर्वांचे आभार. मग आराखडा असा: सोमवार, बुधवार, शुक्रवार ४० मिनिटे वेगाचा व्यायाम मोठ्या पडद्यावर, मधल्या दिवशी ४० मिनिटे चालणे, नावांची पद्धत रोज, रक्तदाब आठवडाभर मोजून डॉक्टरांकडे, सोबत कानांची तपासणी. येत्या सोमवारपासून सगळे सुरू. बारा आठवड्यांनी शब्दयादी.

मोजपट्टी

सोमवारपासून सगळे नको. आधीच्या तीन शब्दयाद्या व्हायला एक आठवडा लागेल, तो जाऊ द्या. आणि सगळ्या गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या तर बारा आठवड्यांनी आकडा वाढला तरी कशामुळे ते कळणार नाही. रक्तदाब आणि कान थांबवायचे नाहीत, ते आजच. चालणे पहिल्या आठवड्यानंतर. वेगाचा व्यायाम त्यानंतर सहा आठवड्यांनी, तोवर एका जास्तीच्या यादीवर मधले माप घ्या, म्हणजे आठऐवजी नऊ याद्या लागतील. नावांची पद्धत शब्दयादीत दिसणारच नाही, ती वहीत दिसेल.

आणि याद्या वाचणारी व्यक्ती शेवटपर्यंत तीच ठेवा. दुसरे कोणी हळू वाचले तर शब्द जास्त आठवतात, आणि श्रेय ॲपला जाते.